सरदारचा मागचा उजवा पाय

देवणी हे आमच्या गावाचं नाव गाई-बैलांच्या एका जातीलाही आहे. त्यामुळे इथं जन्मलेल्या प्रत्येकाला जनावरांतलं आपोआप कळतं, असा आमचा समज आहे. ज्याच्या दारात शेळीसुद्धा नाही असा माणूसही टपरीवर चहा पिता पिता समोरून बैल गेला की एक डोळा बारीक करतो आणि "जात चांगली हाय, पण भेसळ" असं सांगून मोकळा होतो. बघत मात्र कुणी नसतं. मी या गावच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. एवढ्या काळात जनावराकडे खरोखर बघणारा एकच माणूस मला भेटला. तो माझ्या शेजारी राहतो, त्याचं नाव गुरुपादप्पा, आणि त्याच्या मालकीचं एकही जनावर नाही.

अप्पा जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. डॉक्टर हजर असले की पर्यवेक्षक म्हणजे हाताखालचा माणूस, आणि डॉक्टर मीटिंगला गेले की पर्यवेक्षक हाच डॉक्टर. मीटिंगा भरपूर असत. एकतीस वर्षं अप्पांनी खेड्यापाड्यांत वासरं ओढून काढली, लसी टोचल्या आणि लाथा खाल्ल्या. त्यातच त्यांना एक खोड लागली. लसीकरणाची पोस्टरं गरजेपेक्षा जास्त यायची. त्यांच्या कोऱ्या पाठीवर ते पेन्सिलीनं जनावरं काढायचे. शिकवलं कुणी नव्हतं. आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. तिथं चित्रकलेच्या तासाला फुलदाणी काढायला सांगत, आणि गावात फुलदाणी कुणी पाहिलेली नव्हती. सगळा वर्ग तांब्या काढायचा. अप्पा तांब्यामागे म्हैस काढायचे आणि छडी खायचे.

निवृत्त झाल्यावर माणसानं काय करायचं हे आमच्याकडे ठरलेलं आहे. देवळाच्या कमिटीवर जायचं, विम्याची एजन्सी घ्यायची, नाहीतर भाच्याला नगरपंचायतीला उभं करायचं. अप्पा यातलं काही न करता लातूरला गेले आणि तेलरंगाच्या नळ्या घेऊन आले. कॅनव्हास टेकवायला सुताराकडून एक तीन पायांचं तिकाटणं करून घेतलं आणि परसात लिंबाखाली बैल रंगवायला बसले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंना चारचौघींत विचारणा होऊ लागली.

"मला विचारतात, तुमचे मालक काय करून राहिलेत," पार्वतीबाई एकदा मला म्हणाल्या. "मी सांगते, बीपीची गोळी चालू हाय."

आता जनावर नसलेल्या माणसानं जनावर काढायचं म्हणजे समोर उभं कुणाचं करणार? माझं. माझ्या गोठ्यात एकच गाय आहे, आणि ती मी हौसेनं पाळली आहे असं मी सांगतो. खरं म्हणजे ती सासऱ्यांनी दिली आणि परत घेतली नाही. अप्पा सकाळी सातला खुर्ची घेऊन येत आणि तिच्यासमोर दहापर्यंत बसत. एकदा मी विचारलं, तीन तासांत झालं काय? त्यांनी बोट दाखवलं. कागदावर फक्त गाईची कूस होती.

"मास्तर, हिला पांढरी कोण म्हणतंय?" ते म्हणाले. "इथं बघा, निळी हाय. पोटाखाली हळदीचा रंग मारतोय, खालचा कडबा पिवळा हाय म्हणून. मानेजवळ तर राख. पांढरं एवढंच हाय, शिंगाच्या मागं, बोटाएवढं."

मी बघितलं. निळी होती. गाय माझी, रोज दोन वेळा मी तिला पाणी दाखवत होतो, आणि ती निळी आहे हे मला शेजाऱ्यानं सांगावं लागलं. मी जरा रागातच घरात गेलो. अप्पा मात्र दहा वाजता उठले ते जेवून उठलेल्या माणसासारखे. निवृत्तीनंतरच्या त्या पहिल्या दोन वर्षांत मी त्यांना जितकं खूश पाहिलं तितकं एकतीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं, पगाराच्या तारखेलासुद्धा.

हे सुख तसंच चालू राहिलं असतं, पण घरात सून आली. मुलगा मल्लिकार्जुन नांदेडला बँकेत आहे. तिथं नीट जागा मिळेपर्यंत त्याची बायको शिवानी देवणीत राहणार होती. शिवानी लातूरची, बी.कॉम. झालेली, हुशार. आमच्याकडे हुशार सुनेला स्वयंपाकघर आणि फोन एवढंच देतात. स्वयंपाकघर पार्वतीबाईंनी सोडलं नाही, तेव्हा तिच्या वाट्याला फोन आला. महिनाभर तिनं भिंतीला टेकवलेले बैल पाहिले आणि एके दिवशी सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हे ऑनलाइन टाकू या. लोक घेतात."

"घेऊन काय करतात?" अप्पांनी विचारलं.

"भिंतीला लावतात."

"त्यांच्या गावात बैल न्हाईत?"

"न्हाईत, म्हणून तर."

हे उत्तर अप्पांना पटलं. शिवानीनं पेज काढलं, चित्रांचे फोटो टाकले, खाली आकार आणि किंमत लिहिली. दोन दिवसांत शेकड्यानं लोकांनी पाहिलं. पहिला संदेश निलंग्याहून आला: "बैल किती दाती आहे?" दुसरा आला: "जोडी आहे का एकटाच?" तिसऱ्यानं चित्राची किंमत वाचून लिहिलं, "एवढ्या कमी पैशात बैल देता म्हणजे मारका असणार." शिवानीनं प्रत्येकाला शांतपणे लिहिलं की हे चित्र आहे. त्यावर एकानं उलट विचारलं, "मग बैल कुठे बघायला मिळेल?" रसिकांची पहिली फळी ही अशी होती.

दुसरी फळी पुण्याहून आली. तनुजा नावाच्या बाई घरांची सजावट करून देत. त्यांना एक वळू आवडला, पण त्यांच्या काही बारीकसारीक सूचना होत्या. कानातला पिवळा बिल्ला काढावा. खाली शेण आहे ते काढावं. वळू रागावलेला वाटतो, त्याचा चेहरा जरा प्रसन्न करावा. आणि मागची भिंत मातकट आहे ती निळसर-हिरवी करावी, सोबत पाठवलेल्या सोफ्याच्या फोटोप्रमाणे.

अप्पांनी सोफ्याचा फोटो बराच वेळ पाहिला. आयुष्यात प्रथमच त्यांच्यापुढं चार पायांचं असं काही आलं होतं की ज्याचं वय सांगता येईना.

"रागावलेला न्हाई तो," ते म्हणाले. "रवंथ करून राहिलाय."

"मामा, त्यांना रवंथ मालूम न्हाई," शिवानी म्हणाली. "हसरा करा थोडा."

वळू हसत नाही. पण पर्यवेक्षकानं वरून आलेला आदेश कधी परत पाठवलेला नव्हता. अप्पांनी बिल्ला पुसला, शेण उचललं, वळूच्या ओठांचा कोपरा केसभर वर नेला आणि मागं सोफा पसरला. चित्र गेलं. पैसे आले. पार्वतीबाईंनी त्या दिवशी चार बायकांत पहिल्यांदा सांगितलं की आमचे मालक आर्टिस्ट हायेत. लगेच तनुजाबाईंनी आणखी आठ मागवले, सगळे त्याच रंगात, सगळे प्रसन्न. अप्पांनी आठ निळे बैल पावणेदोन महिन्यांत पुरे केले. त्यासाठी ते माझ्या गोठ्यात एकदाही आले नाहीत. गरजच नव्हती.

पण पेजची भूक एवढ्यानं भागत नव्हती. रोज काहीतरी टाकावं लागतं, नाहीतर लोक विसरतात, असं शिवानीनं समजावलं. म्हणून अप्पा चित्र काढतानाचे व्हिडिओ करायचे ठरले. त्यात एक अडचण निघाली. अप्पा चाळीस वर्षं सफारी घालतात, बदामी रंगाचा, खिशाला पेन. त्या वेशातला माणूस बैल रंगवताना दिसला की बघणाऱ्याला वाटायचं, पंचनामा चालू आहे. ग्राहकांना शेतकरी कलाकार पाहिजे होता. तेव्हा अप्पांना धोतर नेसवलं, डोक्याला पटका बांधला आणि माझ्या गोठ्यात, माझ्या गाईशेजारी, माझ्या कडब्यावर बसवलं. अप्पांचे वडील तलाठ्याच्या कचेरीत कारकून होते. शेतात अप्पा गेले असतील तर इंजेक्शन घेऊनच. व्हिडिओ पन्नास हजार लोकांनी पाहिला. खाली लिहिलं होतं, "मातीशी नातं". माझ्या गाईचं नाव कुठंही नव्हतं.

"पटका डोक्याला रुततोय," एवढंच अप्पा मला म्हणाले.

याच व्हिडिओमुळे व्यंकटराव उगवले. चाकूर तालुक्यातल्या एका गावचे हे मोठे बागायतदार. त्यांचा सरदार नावाचा वळू तीन प्रदर्शनांत पहिला आलेला. सरदारच्या गळ्यातले गोंडे लातूरहून शिवून येत, आणि त्याच्या वाढदिवसाला चौकात बॅनर लागे; त्यावर शुभेच्छुक म्हणून ज्यांचे फोटो असत, ते सरदारपेक्षा जरा कमी देखणे असत. आता उदगीरकडचे एक पाटील सरदारला विकत घ्यायला तयार होते. बोलणी जवळजवळ झालेली होती. व्यंकटरावांना वाटलं, सौदा व्हायच्या आधी सरदारचं एक भव्य चित्र करून घ्यावं. वळू जाईल, चित्र बैठकीत राहील, आणि नेटवर टाकलं की किंमतही जरा चढेल.

अप्पा खूश झाले. दोन महिन्यांनी खरं जनावर समोर उभं राहणार होतं. ते सफारी घालून गेले. तीन दिवस सकाळी सात ते दहा सरदारसमोर बसले. व्यंकटरावांनी अट एकच घातली होती: पाठीमागं आमचा बंगला दिसला पाहिजे. अप्पांनी बंगला काढला, दूर, काडेपेटीएवढा. बाकी सगळा कॅनव्हास सरदारचा. तिसऱ्या दिवशी मी पण सोबत गेलो होतो. ते शेवटचे हात मारत होते, मागच्या पायांपाशी. मी विचारलं, एवढं काय कोरीत बसलात?

"खुराखाली बघा," ते म्हणाले. "उजेडाची फट हाय. पात्याएवढी. सकाळचं ऊन तिथनं आरपार येतंय. असं मी कधी पाह्यलं न्हाई, मास्तर."

त्या पात्याएवढ्या फटीसाठी त्यांनी एक सकाळ घालवली होती. चित्र त्यांच्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं होतं, हे मलाही कळलं. व्यंकटरावांना बंगला लहान वाटला, पण एकंदरीत पसंत पडलं. शिवानीनं त्याच दुपारी ते पेजवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना फोन आला. देवणीच्या दवाखान्यात सध्या ज्या डॉक्टर आहेत, बुद्धप्रिया सूर्यवंशी, त्यांचा. बाई तिशीच्या आहेत, मीटिंगांपेक्षा जनावरं जास्त बघतात, आणि जुना माणूस म्हणून अप्पांना मान देतात.

"अप्पा, सरदारच्या मागच्या उजव्या खुराला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"खुराला? काय झालंय?"

"तुम्हीच काढलंय की. आतली नखी टेकवत न्हाई तो. सगळं वजन बाहेरच्या नखीवर हाय. आणि ढोपर बघा, पाय आत ओढून धरलाय. दुखतंय त्याला."

अप्पांनी फोन ठेवला आणि पेजवरचं चित्र मोठं करून पाहिलं. मी शेजारी होतो. त्यांनी खुरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एकतीस वर्षं खूर तपासले, मास्तर. आणि इथं तीन दिवस नुसता उजेड बघत बसलो."

चित्र पाहणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. उदगीरकडच्या पाटलांनीही ते पाहिलं, आणि पाटलांचा जन्म गोठ्यातच गेलेला. त्यांनी व्यंकटरावांना कळवलं की घाई नाही, पुढं बघू. ज्याच्याशी व्यवहार मोडायचा असतो त्याला आमच्याकडे असंच कळवतात. त्याच दुपारी व्यंकटरावांची जीप अप्पांच्या दारात उभी राहिली.

"डॉक्टर, बैल लंगडा काढलाव तुम्ही," ते खुर्चीवर न बसताच म्हणाले.

"लंगडा न्हाई काढला. पाय जसा ठेवतोय तसा काढला."

"नीट ठेवलेला काढायचा."

"तीन दिवस बसलो. एकदा बी नीट ठेवला न्हाई त्यानं."

"फोटोत तर काहीच दिसत न्हाई. पन्नास फोटो हायेत माझ्याकडं."

"फोटो काढताना तुमचा गडी कासरा वर ओढून धरतो, व्यंकटराव. माझ्यापुढं तो तासन्‌तास उभा होता. एवढा वेळ जनावर सोंग करत न्हाई."

व्यंकटरावांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी इज्जतदार माणूस हाय. रंग तुमचाच हाय, ब्रश तुमचाच हाय. तेवढा पाय खाली टेकवा. दोन मिनिटांचं काम."

अप्पांनी पुण्याच्या बाईसाठी शेण उचललं होतं, बिल्ला काढला होता, वळू हसवला होता. मला वाटलं, हा पाय पण टेकवतील. शिवानीलाही तसंच वाटलं असावं. ती आतून ब्रश घेऊनच आली होती. अप्पा म्हणाले, "पाय डॉक्टरबाई टेकवतील. आधी त्यांना बोलवा. मग मी काढतो."

व्यंकटराव जीपमध्ये बसून निघून गेले. पण व्यवहार मोडला होता, आणि वळू दावणीलाच होता. चौथ्या दिवशी त्यांनी गुपचूप बुद्धप्रियाबाईंना बोलावलं. आतल्या नखीच्या तळव्यात खिळ्याचा तुकडा निघाला. भोवती पू धरलेला. बंगल्याला पत्र्याची शेड लावताना पडलेला खिळा, असं गडी म्हणाला. सरदार महिनाभर तसाच उभा होता, रोज अंघोळ, रोज तेल, रोज फोटो. बाईंनी खिळा काढला, मलमपट्टी केली. पंधरा-वीस दिवसांत पाय टेकू लागला. व्यंकटराव आता सगळ्यांना सांगतात की आम्हाला आधीपासून शंका होती, म्हणून तर चित्र काढून घेतलं.

गोष्ट इथं संपली असती तर अप्पांचं बरं झालं असतं. पण आमच्या भागातल्या जनावरांच्या व्यापाऱ्यांना यातून वेगळाच बोध झाला. फोटो खोटा असतो, व्हिडिओ खोटा असतो, दाखला तर असतोच. गुरुपादप्पाचं चित्र मात्र खरं. आठवड्याभरात फोन सुरू झाले. देगलूरहून, अहमदपूरहून, पार नांदेडच्या पलीकडून. "बैल घ्यायचाय, पण आधी चित्र काढून पाठवा, मग इसार देतो." एका गृहस्थाला तर लेकीसाठी स्थळ पाहायला जायचं होतं, त्यानं मुलाचं चित्र काढता का म्हणून विचारलं.

शिवानीचा आनंद गगनात मावेना. तिनं पेजवर लिहिलं: "खात्रीशीर चित्र. उजवी बाजू, डावी बाजू, मागून." कला समाजाच्या उपयोगी पडावी असं भाषणांत नेहमी सांगतात. अप्पांची कला पहिल्या फटक्यात दलालीच्या उपयोगी पडली.

मग विकणारेही येऊ लागले. हे लोक रिकाम्या हातानं येत नसत. एक जण तुपाची बरणी घेऊन आला. त्याच्या बैलाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा आखूड होतं, "ते जरा झाडाच्या फांदीमागं घ्या" एवढंच त्याचं म्हणणं. दुसऱ्याला त्याचा आठ दाती बैल वयानं कमी दाखवायचा होता, म्हणून तोंडात सहाच दात हवे होते. अप्पांनी सांगितलं, "तोंड बंद काढतो, मी दात दाखवत न्हाई." तो म्हणाला, "बंद तोंडात बी सहाच दिसले पाहिजेत." नोकरीत असताना लोकांनी जी मागणी खोट्या दाखल्यासाठी केली, तीच आता चित्रासाठी करत होते. फरक एवढाच की तेव्हा चहा मिळायचा, आता तूप. अप्पांनी बरण्या परत पाठवल्या. पार्वतीबाईंनी एक ठेवून घेतली.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हे चाललं. अप्पा आठवड्यात चार गोठे फिरत. सफारी, पिशवी, घड्याळ बघत निघणं, सगळं परत आलं. पार्वतीबाई म्हणाल्या, "पेन्शनीत गेलाव का परत डुटीवर आलाव?" अप्पा हसले नाहीत. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी ते खुर्ची घेऊन माझ्या गोठ्यात आले. कितीतरी महिन्यांनी. मला बरं वाटलं, गाईलाही वाटलं असावं. दहा वाजता मी जाऊन पाहिलं. कागदावर चार खूर होते. बाकी गायच नव्हती.

"काय झालं, अप्पा?"

"दुसरं दिसंना," ते म्हणाले. "वर बघायला गेलो तर डोळा खालीच येतोय. वाकडं काय हाय, सुजलं काय हाय. मास्तर, माझी नजर परत नोकरीला लागली."

त्या दिवशी उन्हं वर आल्यावर गाय बसली. बसते रोजच. पण अप्पा तिच्याकडे बघत राहिले. चारी पाय अंगाखाली घेतले होते तिनं, खूर दिसत नव्हते, चाल दिसत नव्हती, उंची कळत नव्हती. मान वळवून डोळे अर्धे मिटले होते. अप्पांनी नवीन कागद घेतला आणि दुपारी दोनपर्यंत उठले नाहीत. पार्वतीबाईंनी जेवायला बोलावणं तीनदा पाठवलं.

त्यानंतर गुरुपादप्पांनी उभं जनावर काढणं बंद केलं. कुणाचाही फोन आला, कितीही मोठ्या माणसाचा असो, की ते सांगायचे, "काढतो, पण बसलेलं." ते गोठ्यात जाऊन बसत आणि बैल बसेपर्यंत थांबत. बसलेल्या बैलाच्या चित्रावरून काय घेणार आणि काय विकणार? एका व्यापाऱ्यानं पेजवर लिहिलं, "चित्र छान आहे, पण उठवून काढा." दुसऱ्यानं लिहिलं, "उठत नसेल तर कळवा, मग सौदा नको." महिन्याभरात फोन थांबले. तनुजाबाईंनी कळवलं की बसलेलं जनावर आळशी वाटतं, घरात तशी ऊर्जा नको, आणि विचारलं की निळे उभे मिळतील का. अप्पांनी उत्तर दिलं नाही. पेज ओस पडू लागलं.

शिवानीला हे झोंबलं. एका दुपारी मी कसल्याशा कागदावर सही आणायला गेलो होतो, तेव्हा दोघांचं चालू होतं. सासऱ्यापुढं ती कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही, पण पदर खोचलेला होता.

"मामा, तुम्हाला आवडतं म्हणून तुम्ही बसलेलं काढता. ठीक हाय. पण दिवसाला दोनशे मेसेज मी वाचायचे. लोकांना मी समजावायचे. पार्सल मी बांधायचे. मला काय आवडतं ते या घरात कुणी विचारलंय का?"

अप्पा गडबडले. हा प्रश्न आमच्याकडे सहसा कुणी सुनेला विचारत नाही, आणि सूनही स्वतःहून काढत नाही. मग ते म्हणाले, "काय आवडतं तुला?"

शिवानीनं विचार केला. "ते निळे बैल," ती म्हणाली. "तुम्हाला त्यांची लाज वाटते, मला मालूम हाय. पण मला ते खरंच आवडायचे. भिंतीला आठ बैल ओळीनं सुकायला लावले होते तुम्ही, तेव्हा मी रोज भांडी घासताना त्यांच्याकडं बघायचे."

 अप्पा उठून आत गेले आणि निळ्या-हिरव्या रंगाच्या उरलेल्या नळ्या आणून तिच्यापुढं ठेवल्या. "काढ मग," म्हणाले.

तिचा पहिला बैल मी पाहिला. पाय खाटेला असतात तसे होते, आणि पोट चौकोनी. अप्पांना राहवलं नाही. त्यांनी खुराकडे बोट नेलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, पाय बघायचे न्हाईत. रंग बघायचा." एकतीस वर्षांच्या अनुभवाला एवढ्या थोडक्यात कुणी घरी बसवलं नव्हतं. अप्पांनी बोट मागे घेतलं. तिनं चित्राखाली स्वतःचं नाव लिहिलं, सासऱ्याचं नाही, आणि पेजवर टाकलं. ते गेलं. पुढचंही गेलं. तिच्या बैलांचे पाय अजूनही खाटेचेच आहेत, पण तो निळा रंग तिला जसा जमतो तसा अप्पांना कधी जमला नव्हता, हे खुद्द अप्पा कबूल करतात. फक्त तिच्यासमोर नाही.

यंदा मल्लिकार्जुनला नांदेडला जागा मिळाली आणि शिवानी गेली. पेजही तिच्यासोबत गेलं. तिथं दोन खोल्यांतली एक तिनं चित्रांना घेतली आहे, आणि मल्लिकार्जुन आता पार्सलं बांधतो. अप्पांची बसलेली जनावरं देवणीतच आहेत, भिंतींना, पलंगाखाली, धान्याच्या कोठीवर. आजवर दोन खपली. एक बुद्धप्रियाबाईंनी घेऊन दवाखान्यात लावलं. तिथं येणारे लोक तक्रार करतात की इथं जनावर उठवायला आणतो आणि भिंतीवर बसलेलं लावलंय. दुसरं मी घेतलं, माझ्या गाईचं. मला वाटलं होतं शेजारी म्हणून तसंच देतील. अप्पांनी पूर्ण किंमत घेतली आणि वर सांगितलं, "फुकट दिलं की तुम्ही बघणार न्हाई, मास्तर."

सध्या ते म्हशी काढायला लागले आहेत, तळ्यात बसलेल्या. पाण्याच्या वर नाक, डोळे आणि शिंगं, एवढंच. मी म्हटलं, अप्पा, आता तर जनावरच दिसत नाही. ते म्हणाले, काळ्या रंगात किती रंग असतात ते मला आत्ता कळून राहिलंय, माझं आयुष्य पुरायचं न्हाई. परवा मी गेलो तेव्हा एकीचं चित्र अर्ध्यावर आलं होतं. तेवढ्यात ती बुडाली आणि पार पलीकडच्या काठाला निघाली, दुसऱ्या म्हशींत मिसळली. मला त्यातली कोणती ते सांगता आलं नसतं. अप्पा ब्रश हातात धरून, डोळ्यांवर दुसऱ्या हाताची सावली करून पाण्याकडे बघत होते.

"ती काय, तिसरी," ते म्हणाले, आणि खुर्ची उचलून बांधावरून पलीकडे चालू लागले.